फुलांची साधी चित्रे रंगवण्याचा छंद : सुरुवात कोणत्या फुलापासून करावी?

अबोली

मोठ्या माणसांसाठी म्हणून रंगभरणीची जी चित्रे हल्ली मिळतात, त्यांतील बहुतेक नवशिक्याला पहिल्याच दिवशी दमवणारी असतात. एका पानावर शे-दीडशे पाकळ्या, त्यांच्यामध्ये वेलबुट्टी आणि वेलबुट्टीच्या पोटात पुन्हा ठिपके असा तो पसारा असतो. अर्धा तास बसूनही एक कोपरा भरत नाही आणि मग ते पान वहीत तसेच पडून राहते. शाळा सुटल्यापासून ज्यांनी रंगपेटी उघडलेली नाही आणि ज्यांना दिवसाच्या कामानंतर केवळ थोडा विसावा हवा आहे, त्यांनी एका पानावर एक, फार तर तीन फुले असलेल्या, जाड आणि सलग रेषेच्या चित्रापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. कोणती फुले घ्यावीत आणि ती कशी रंगवावीत, याची चर्चा येथे व्हावी.

माझी पहिली पसंती सदाफुलीला आहे. पाच रुंद पाकळ्या आणि मधोमध गडद डोळा, एवढाच तिचा संसार. एक गुलाबी पेन्सिल पुरते. तीच हलक्या हाताने फिरवली की कडेचा फिका रंग मिळतो आणि थोडी दाबून फिरवली की डोळ्याजवळचा गडद रंग मिळतो. हाताचा दाब कमी-जास्त करणे हा रंगीत पेन्सिलीचा पहिला धडा आहे आणि सदाफुली तो मुकाट्याने शिकवते.

दुसरा क्रमांक देवळाच्या आवारातल्या पांढऱ्या चाफ्याचा. त्याच्या पाचही पाकळ्या एकाच दिशेला वळलेल्या असतात आणि प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या खाली गेलेली असते. गळ्यातला पिवळा रंग कडेकडे विरत जाऊन पांढऱ्यात मिसळतो. तो कोठे संपला हे कळू न देणे, एवढेच येथे साधायचे असते.

तिसरी जास्वंद. पाकळ्या मोठ्या असल्यामुळे हात मोकळा फिरतो. मधून बाहेर आलेला केसरांचा दांडा आणि त्याच्या टोकावरची पाच लाल टिंबे एवढाच काय तो बारीक भाग. पाकळीवरच्या शिरा गळ्याकडून कडेकडे जातात, म्हणून पेन्सिलीची रेघही त्याच दिशेने ओढावी. आडव्या रेघांनी भरलेली जास्वंद कागदाला चिकटवल्यासारखी दिसते.

झेंडू मात्र मी सुरुवातीला टाळेन. दसऱ्यामुळे तो ओळखीचा आहे खरा, पण झेंडूचे एक फूल म्हणजे मुळात अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. तो एकाच पिवळ्याने भरला तर चकती दिसते, आणि पाकळीगणिक छटा बदलायची म्हटली तर नवशिक्याचा धीर सुटतो.

साहित्याच्या बाबतीत बारा रंगांची साधी पेटी, नव्या पात्याचा शार्पनर आणि हाताखाली ठेवायला एक कोरा कागद पुरे. हाताखालचा कागद अनेक जण विसरतात आणि मग तळहाताने रंग फासला जातो. अठ्ठेचाळीस रंगांची पेटी आणली की अर्धा वेळ निवड करण्यातच जातो.

तिसरा_प्रहर

फार उपयुक्त धागा. कागदाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण अर्धी निराशा कागदामुळेच येते.

झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) असतो आणि तो गुळगुळीत असतो. रंगीत पेन्सिलीचे दोन-तीन थर त्यावर बसतात. त्यानंतर कागद चकाकू लागतो आणि रंग धरेनासा होतो. चित्रकलेच्या वहीचा जरा जाड, किंचित खरबरीत कागद घेतला तर थरावर थर चढवता येतात. जलरंग वापरायचे असतील तर पातळ कागद ओला होताच फुगतो आणि लाटा पडतात. त्यासाठी जलरंगांचा खास जाड कागद लागतो, तो ३०० जीएसएमचाही मिळतो.

दुसरी गोष्ट छपाईची. घरातल्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा पाण्याने पसरते, त्यामुळे तशा छापील चित्रावर ओला कुंचला फिरवला की काळी रेघ पाकळीत उतरते. झेरॉक्सचे किंवा लेझर प्रिंटरचे टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसलेले असते, म्हणून ते पाण्याने हलत नाही. ज्यांना जलरंगांची हौस आहे त्यांनी घरी छापलेल्या चित्राची एक झेरॉक्स काढून घ्यावी आणि तीच रंगवावी. जाड कागद मात्र प्रत्येक यंत्र घेत नाही, हे दुकानदाराला आधी विचारावे.

पेन्सिलीचे टोक वारंवार तुटत असेल तर शार्पनरला दोष देण्यापूर्वी ती पेन्सिल कितीदा जमिनीवर पडली ते आठवावे. पडलेल्या पेन्सिलीतले शिसे आतल्या आत तडकलेले असते आणि मग कितीही टोक काढले तरी ते गळून पडते.

पिंपळपान

धाग्याच्या हेतूविषयी आदर राखून एक आक्षेप नोंदवतो. दुसऱ्याने काढलेल्या रेषेत रंग भरणे ही आज्ञापालनाची सवय आहे, चित्रकलेची नव्हे. रेषा काढण्यासाठी फुलाकडे पाहावे लागते, त्याचे देठ कोठून वळते आणि पाकळी कोठे दुमडते हे शोधावे लागते. आयते चित्र हातात आले की पाहण्याचे हे कामच उरत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेली आपली पिढी निदान संकल्पचित्रातले फूल स्वतः काढत होती. आता त्याच माणसांनी चाळिशीत पुन्हा रंगभरणीच्या पुस्तकाकडे वळावे, हे मला थोडे खटकते.

ओसरी

पिंपळपान, आपला आक्षेप चित्रकला शिकण्याच्या संदर्भात योग्य आहे, पण येथे प्रश्न विसाव्याचा आहे आणि त्या दृष्टीने आखून दिलेल्या आकाराचा उपयोग होतो, असे दाखवणारा एक अभ्यास आहे. २००५ साली अमेरिकेत नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी स्वतःच्या एखाद्या भीतीच्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले, जेणेकरून मनाची अस्वस्थता वाढावी. नंतर त्यांचे तीन गट करून एका गटाला मंडलाचे, म्हणजे केंद्राभोवती फिरणाऱ्या गोल नक्षीचे, चित्र, दुसऱ्याला चौकटींची नक्षी आणि तिसऱ्याला कोरा कागद रंगवायला दिला. वेळ २० मिनिटे. मंडल आणि चौकटी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर रंगवणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली.

यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. प्रयोग लहान होता, विद्यार्थी तरुण होते आणि फुलांची चित्रे त्यात नव्हतीच. शिवाय ज्यांना खरोखर चिंतेचा विकार आहे त्यांना डॉक्टरांऐवजी रंगपेटी सुचवणे गैर आहे. तरीही कोरा कागद समोर आला की अनेकांच्या मनावर ताण येतो आणि आकार ठरलेला असला की तो ताण कमी होतो, एवढे समजण्यास हरकत नसावी. सदाफुली किंवा तगरीसारखे समोरून पाहिलेले फूल केंद्राभोवती सारख्या अंतराने फिरते, म्हणजे मंडलाच्या रचनेपासून ते फार दूर नाही.

आणि एक सांगावेसे वाटते. आमच्याकडे दिवाळीत दारातली ठिपक्यांची रांगोळी थोरल्या काकू घालत असत, आणि रंग भरण्याचे काम घरातल्या ज्या कोणाला आग्रह होईल त्याच्याकडे जात असे. रंग भरणाऱ्याला कोणी आज्ञाधारक म्हटल्याचे मला आठवत नाही. उलट कमळाच्या पाकळीत गुलाबी कोठपर्यंत आणि पांढरा कोठून, यावरून बराच वाद रंगत असे.

रानभूल

माझी अडचण वेगळी आहे. मला आवडणारी बहुतेक फुले पांढरी आहेत. मोगरा, जाई, तगर, अनंत, सोनटक्का, प्राजक्त यांच्या चित्रांत रंग भरायचा म्हणजे नेमके काय करायचे? पान हिरवे केले की काम संपते, आणि फूल रंगवायचे राहून गेले असे वाटत राहते. अबोलीताई, यावर काही सुचवावे.

अबोली

रानभूल, हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक नवशिक्याला पडतो, कारण आपल्या परडीत पांढरी फुले अधिक असतात.

कागदाचा पांढरा हाच आपल्याजवळचा सर्वांत उजळ रंग असतो आणि तो विकत आणावा लागत नाही. तो राखायचा आणि सावली रंगवायची, असे धोरण ठेवावे. खऱ्या तगरीकडे सकाळी नीट पाहिले तर तिची प्रत्येक पाकळी पूर्ण पांढरी नसते. एक पाकळी दुसरीखाली जाते तेथे निळसर राखाडी छाया असते, गळ्याजवळ हिरवट-पिवळी झाक असते, आणि उन्हाकडे असलेली कड मात्र लख्ख असते. त्यामुळे फिकट निळी किंवा फिकट जांभळी पेन्सिल अगदी हलक्या हाताने फक्त पाकळ्यांच्या सांध्यांत फिरवावी. करडी पेन्सिल एकटी वापरली तर फूल मळलेले दिसते. तिच्यावर निळ्याचा एक पुसट थर दिला की तीच करडी छाया थंड आणि स्वच्छ वाटते.

दुसरे काम फुलामागच्या पानांचे. फूल पांढरे दिसायला हवे असेल तर त्याला लागून असलेली पाने गडद हवीत. पूर्ण पार्श्वभूमी पेन्सिलीने एकसारखी गडद करणे हे कंटाळवाणे आणि हात दुखवणारे काम आहे, ते करू नये. पाकळ्यांच्या कडेला टेकलेल्या दोन-तीन पानांत हिरव्यावर गडद निळा आणि थोडा तपकिरी चढवला की फूल आपोआप पुढे येते. पेटीतला हिरवा तसाच कोरा वापरला तर सगळी झाडे प्लास्टिकची वाटतात, हेही यानिमित्ताने सांगून टाकते.

अनंताचे फूल त्यातल्या त्यात सोपे, कारण ते शिळे होत जाते तसे पिवळसर पडते, म्हणजे रंगवायला काहीतरी हाती लागते. मोगऱ्याच्या बटमोगरी जातीत पाकळ्यांची दाटी फार असते. त्यापेक्षा एकेरी मोगरा घ्यावा किंवा कळ्याच घ्याव्यात. सर्वांत सुखाचा प्राजक्त. झाडाखाली सडा पडतो तेव्हा बरीच फुले पालथी पडतात आणि केशरी देठ वर येतात. समोरून काढलेल्या चित्रात केशरीला एका टिंबाएवढीच जागा मिळते, पण पालथ्या फुलांचे चित्र घेतले तर तो रंग मनासारखा वापरता येतो.

आणखी एक मार्ग आहे. खाकी कागदावर चित्राची झेरॉक्स काढून घ्यावी आणि पांढऱ्या पेन्सिलीने पाकळ्या भराव्यात. पेटीतली पांढरी पेन्सिल एरवी वर्षानुवर्षे तशीच राहते. खाकी कागदावर तिचे मोल कळते, आणि सावली द्यायची गरज पडत नाही, कारण कागदच सावलीचे काम करतो.

गंधाली

पांढऱ्याचे उत्तर फार छान मिळाले. मी लाल आणि पिवळ्याविषयी भर घालते.

जास्वंदीच्या लाल पाकळीला सावली द्यायची म्हणून नवशिका हमखास काळी पेन्सिल उचलतो आणि पाकळी काजळी धरल्यासारखी होते. लाल रंगाखाली आधी पिवळ्याचा किंवा केशरीचा पातळ थर द्यावा. त्यामुळे लाल आतून उजळतो. सावलीसाठी जांभळा किंवा तपकिरी घ्यावा. ज्यांना धाडस आहे त्यांनी गळ्याच्या सर्वांत खोल जागी गडद हिरवा अगदी अलगद लावून पाहावा. हिरवा हा लालाचा विरोधी रंग असल्यामुळे तो लालाचा भडकपणा कमी करतो आणि ती जागा खोल दिसू लागते.

पिवळ्यावर तर काळा कधीच वापरू नये, कारण पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट मेंदीचा रंग तयार होतो. पिवळ्याची सावली केशरीने आणि त्याखाली तपकिरीने द्यावी. सोनचाफा, शेवंती, सोनकी सगळ्यांना हे लागू आहे.

क्रम नेहमी फिक्याकडून गडदाकडे. रंगीत पेन्सिलीचा गडद रंग खोडरबरने पूर्ण निघत नाही. मागे डाग राहतोच, आणि घासून कागदाचा पोतही जातो.

ज्यांना पेन्सिलीचा कंटाळा येतो त्यांनी शाळेतली एक युक्ती पुन्हा करून पाहावी. जास्वंदीच्या शिरा पांढऱ्या मेणखडूने दाबून ओढाव्यात आणि वरून पातळ केलेला लाल जलरंग फिरवावा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे शिरा आपोआप उजळ राहतात.

चौकट_२२

मी हा छंद आईसाठी शोधत आहे. तिचे वय पंच्याहत्तर आहे, बोटांचे सांधे दुखतात आणि एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. तिला चित्रांची आवड आहे, पण बारीक रेषा दिसत नाहीत आणि पेन्सिल फार वेळ धरवत नाही. कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावे.

तिसरा_प्रहर

चित्र मोठे करून घेणे हा पहिला उपाय. झेरॉक्सवाल्याला १४१ टक्के म्हणून सांगितले की ए४ चे चित्र बरोबर ए३ कागदावर येते. पाकळ्या मोठ्या होतात आणि रेषाही जाड होते. पेन्सिल तिकोनी आणि जाड अंगाची घ्यावी. लहान मुलांसाठी म्हणून विकली जाणारी पेन्सिल यासाठी उत्तम असते. त्यातही दुखत असेल तर ऑइल पेस्टल द्यावेत. ते मऊ असल्यामुळे दाब लागत नाही आणि बोटाने किंवा कापसाने पसरवता येतात. कागद टेबलाला चिकटपट्टीने लावून ठेवला तर दुसऱ्या हाताने तो धरून ठेवण्याचे श्रम वाचतात. त्या उजव्या हाताने रंगवत असतील तर दिवा डाव्या बाजूला असावा, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही.

ओसरी

रंगांच्या निवडीबाबत एक गोष्ट लक्षात असू द्यावी. मोतीबिंदू वाढतो तशी डोळ्यातली भिंगे पिवळसर होत जातात आणि त्या डोळ्याला निळ्या-जांभळ्या छटा वेगळ्या ओळखणे जड जाते. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला तेच रंग स्वच्छ आणि जास्त निळे दिसतात. आपल्या आईंच्या दोन डोळ्यांना सध्या एकच गोकर्ण दोन रंगांचे दिसत असेल. त्यांना त्यात गंमत वाटू शकेल किंवा त्रासही होऊ शकेल. त्रास होत असेल तर दुसरी शस्त्रक्रिया होईपर्यंत लाल, केशरी आणि पिवळी फुले द्यावीत आणि पेन्सिलींवर रंगाचे नाव ठळक लिहून चिकटवावे.

चौकट_२२

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पेन्सिलींवर नाव चिकटवण्याची कल्पना मला सुचली नसती.

पिंपळपान

माझा आक्षेप मी पूर्णपणे मागे घेत नाही, पण चर्चेत एक भर घालतो. आपल्या पुण्याजवळच्या दापोडीला कंपनी सरकारच्या काळात वनस्पती उद्यान होते आणि डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात एका एतद्देशीय चित्रकाराकडून तेथील झाडाफुलांची चित्रे काढून घेतली. चित्रकाराचे नाव नोंदलेले नाही, चित्रे मात्र आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत.

जुन्या वनस्पतिचित्रांच्या परंपरेत एक रीत आढळते, तिचा नवशिक्यांना उपयोग होईल. फूल आणि एखाद-दुसरे पान पूर्ण रंगवायचे आणि बाकीची फांदी केवळ रेषेत सोडून द्यायची. तेथे हेतू वेळ आणि रंग वाचवण्याचा असे, पण पाहणाऱ्याची नजर त्यामुळे थेट फुलावर जाते. रंगभरणीच्या पानावरही प्रत्येक आकार भरलाच पाहिजे असा नियम नाही. मी आयत्या चित्राविरुद्ध बोललो ते त्याच्या या सक्तीविरुद्ध होते, असे आता लिहिताना वाटते. फूल भरावे, पाने कोरी ठेवावीत आणि जमल्यास एखादे नसलेले पान स्वतः काढून जोडावे.

रानभूल

ही सूचना मला फार आवडली. पाने भरण्याचाच मला सर्वांत कंटाळा येतो.

टेम्सकाठ

इंग्लंडमधून लिहीत आहे. येथे जास्वंद आणि चाफा खिडकीबाहेर दिसत नाहीत, म्हणून मी डॅफोडिलपासून सुरुवात केली. मागे सहा पाकळ्या आणि पुढे एक पेला, असा त्याचा साधा आकार असतो. पेला केशरी आणि पाकळ्या पिवळ्या अशी जात निवडली तर गंधालीताईंनी सांगितलेला पिवळा-केशरीचा सराव एकाच फुलात होतो. ट्यूलिप त्याहून सोपे, पण इतके सोपे की दोन चित्रांनंतर कंटाळा येतो.

एक प्रश्न आहे. पूर्ण झालेली चित्रे भिंतीवर लावली तर गुलाबी आणि जांभळा रंग काही महिन्यांत उडाल्यासारखा दिसतो. हे सर्वांकडे होते का?

गंधाली

होते. स्वस्त पेन्सिलींतले गुलाबी आणि जांभळे रंग उजेडात टिकत नाहीत, स्केचपेनचे तर त्याहूनही लवकर उडतात. तपकिरी आणि मातकट रंग बराच काळ टिकतात. आवडलेले चित्र वहीतच ठेवावे आणि भिंतीवर लावायचेच असेल तर त्याचा रंगीत झेरॉक्स लावावा. मेणयुक्त पेन्सिलीने दाट भरलेल्या भागावर काही दिवसांनी पांढुरकी साय धरते, तीही रंग उडाल्यासारखी दिसते. पण ते वर आलेले मेण असते. मऊ कापडाने हलकेच पुसले की जाते.

अबोली

चर्चेत इतकी माहिती येईल असे वाटले नव्हते. सुरुवातीच्या यादीत चौथे फूल म्हणून मी ताम्हण घालते. महाराष्ट्राचे राज्यफूल असूनही रंगभरणीच्या पुस्तकांत ते मला कोठे दिसले नाही. त्याच्या बहुधा सहा पाकळ्या असतात, प्रत्येक पाकळी बारीक देठावर उभी आणि कड चुरगळलेली. कड मुळातच वेडीवाकडी असल्यामुळे रंग रेषेबाहेर गेला तरी चालून जातो, आणि नवशिक्याला यापेक्षा मोठी सवलत कोणती हवी? उन्हाळ्यात रस्त्याकडेची झाडे फुलतात तेव्हा पाहून ठेवावे. ताज्या फुलाचा जांभळा गडद असतो आणि जुन्या फुलाचा फिका, त्यामुळे एकाच घोसात दोन-तीन छटा मिळतात.

तयार चित्र मिळत नसल्यामुळे ते स्वतः फोटोवरून उतरवावे लागेल. फोटो छापून खिडकीच्या काचेवर लावावा, वर पातळ कागद ठेवावा आणि बाहेरच्या उजेडात कडा गिरवाव्यात. कार्बन पेपर वापरू नये, त्याचे तेलकट डाग फिक्या जांभळ्यातून डोकावतात. गिरवताना काळ्याऐवजी करडी रेघ ओढली तर रंग भरल्यावर ती दिसेनाशी होते. पिंपळपान यांनी आधी काढण्याचे काम करावे, मी रंग भरून येथे चढवीन.

पिंपळपान

मान्य. घोसातली तीन फुले काढतो आणि खालच्या कळ्या रेषेतच ठेवतो. कागद मात्र तिसरा_प्रहर यांनी सांगितलेला, जाड.